काळारामाच्या दारापासून दिंडोरीच्या बसपर्यंत

नाशिकला लोक रामकुंडासाठी येतात, त्र्यंबकसाठी येतात, हल्ली द्राक्षाच्या मळ्यांसाठीही येतात. मला यावेळी पांडवलेणी आणि काळाराम एवढंच बघायचं होतं, आणि तेही एकाच दिवशी, लागोपाठ.

पाथर्डी फाट्याला उतरून सकाळीच पायऱ्या चढले. चढ दमवणारा आहे, उन्हाच्या आत गेलेलं बरं. वर गेल्यावर बहुतेक जण मूर्ती आणि खांब बघून, फोटो काढून उतरतात. मी तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बराच वेळ थांबले, भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांसमोर. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिथे आहे. मुलाचे पराक्रम सांगता सांगता ती एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगते: त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. म्हणजे जातीपाती एकमेकांत मिसळू न देणं हे चांगल्या राजाचं लक्षण मानलं जात होतं, आणि ते कोरलंय कुठे, तर बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात. जात इंग्रजांनी आणली असं ठासून सांगणारे लोक भेटतात, त्यांना एकदा या ओसरीत आणून उभं करावंसं वाटतं.

त्याच लेण्यात जमिनीचेही लेख आहेत. सातकर्णीने भिक्षूंना काखडी गावातलं दोनशे निवर्तनं (निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत दिलं. पुढे कळलं की गाव ओस पडलंय आणि शेत कोणी कसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची शंभर निवर्तनं राजाच्या मालकीची जमीन दिली. दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने चार हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, मोजून एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतल्याची नोंद आहे, शेत कुठल्या दिशेला ते सुद्धा. दगडावरचा सातबाराच म्हणायचा. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, विकणाऱ्याचंही आहे. ती जमीन नांगरणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

तिथून पंचवटीत. काळारामाचं देऊळ काळ्या पाषाणाचं, सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईच्या उत्तरार्धात बांधलेलं, भोवती उंच तट आणि चार दरवाजे. दर्शनाला गर्दी होती. मी आधी बाहेरून चारही दरवाज्यांना फेरी मारली, कारण 2 मार्च 1930 ला जे घडलं ते दरवाज्यांबाहेर घडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक इथवर आली, तेव्हा सगळे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटावर गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांसमोर सत्याग्रहींनी ठाण मांडलं, त्यात बायकाही होत्या. दांडीयात्रा निघायला अजून नऊ दिवस होते. इथे मंदिरवाल्यांनी काय केलं, तर सगळ्यांसाठीच देऊळ बंद ठेवलं. 'ते' आत येण्यापेक्षा आपणही देव बघू नये, हा हिशेब मला आजही अंगावर येतो. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, सत्याग्रहींची डोकी फुटली. लढा 1935 पर्यंत चालला आणि दार उघडलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

देवळात जायला मिळणं एवढंच त्यांना हवं होतं असं समजणं फार वरवरचं आहे. मंदिरप्रवेशाने आपला सगळा प्रश्न सुटणार नाही, तो राजकीय आहे, सामाजिक आहे, आर्थिक आहे, हे त्यांनी नाशिकच्या त्या सभेतच सांगितलं होतं. या सत्याग्रहाची स्थानिक बाजू ज्यांनी वर्षानुवर्षं पेलली ते भाऊराव, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. महारवतन म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. हाडकी-हाडोळ्याचा, म्हणजे वतनातल्या जमिनीचा, तुकडा महारांना द्यायचा आणि त्या बदल्यात पिढ्यानपिढ्या साऱ्या गावाची आणि सरकारची राबणूक करून घ्यायची. या वतनांचा कायदा बदलायचं बिल बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात आणलं, आणि कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. तीस वर्षं! त्यानंतरच्याच वर्षी दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, 1964 ला पुन्हा, देशभर. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या. देवळाच्या दारात बसलेला माणूस पुढे जमिनीसाठी तुरुंग भरायला निघतो, यात मला एकच सरळ रेघ दिसते. काळारामाचं दार कायद्याने उघडलं. जमिनीचं दार त्या मानाने फारच थोडं किलकिलं झालं.

दुपारी सीबीएसला, नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, आले. याच चौकातून 6 मार्च 2018 ला किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला होता. सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले हजारो आदिवासी शेतकरी, पायांना फोड आलेल्या म्हाताऱ्या बायका. दहावीच्या मुलांना परीक्षेला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालून आझाद मैदानात पोचले. मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या, कौतुक केलं. मोठी मागणी मात्र 2006 च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची होती, म्हणजे जंगलातली जी जमीन ते कसतात ती त्यांच्या नावे व्हावी. पाच वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, पुन्हा मोर्चा काढावा लागला. तो निघाला दिंडोरीहून.

दिंडोरीच्या बसमध्ये शेजारी एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. वनहक्काच्या दाव्याचं काम होतं, म्हणाल्या. "कसतो चार एकर, पट्टा दिला वीस गुंठ्यांचा. बाकीची कुठं गेली ते कोणी सांगत नाही, ताई." त्यांनी एक कागद काढून दाखवला, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. जंगलात नांगर घातला म्हणून सासऱ्यांना वनखात्याने केलेल्या दंडाची ती पावती होती. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात होती हे सिद्ध करावं लागतं, आणि असे दंडाचे कागद त्यासाठी पुरावा म्हणून चालतात. सासऱ्यांनी ती पावती तांदळाच्या कणगीत जपून ठेवली होती.

"तेव्हा दंड भरायला बकरी विकली," मावशी म्हणाल्या. "आता साहेब म्हणतो मूळ पावती आण, झेरॉक्स चालत नाही. मूळ आणली तर म्हणतो अक्षर लागत नाही."

त्यांना पुढची तारीख मिळाली होती. मोजणी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज लिहायचा होता. बस दिंडोरीला पोचेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून तो लिहिला, पावतीवरचा नंबर आणि तारीख वाचून वाचून. सासऱ्यांचं नाव, त्यांचं स्वतःचं नाव, आणि नवऱ्याचं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि स्वतःचं नाव आधी लिहायला लावलं त्यांनी.