मणी परत टाकला का?

एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या मुलींना आनुवंशिकता शिकवताना मी सुरुवातीला फळ्यावर चौकट काढत नाही. आईबापाची जनुकं मांडायची चार घरांची चौकट मुली पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात आणि गावात जाऊन सांगतात, "चारातलं एक मूल आजारी होईल." नंदुरबारच्या पाड्यांवर हे वाक्य महागात पडतं. सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, एक मूल असलेलं घर त्याचा अर्थ लावतं, की आपला वाटा झाला, पुढची तिन्ही चांगली.

म्हणून प्रत्येक टेबलावर दोन वाट्या, एक आईची आणि एक बापाची. दोघंही वाहक, म्हणजे एएस: एक जनुक चांगलं (ए, पांढरा मणी), एक सिकलचं (एस, लाल मणी). प्रत्येक वाटीत लाल आणि पांढरे मणी सारख्याच संख्येने. मणी एका मापाचे हवेत. लाल जरा मोठे असले तरी बोटं तेच उचलतात. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक मणी काढायचा. दोन्ही पांढरे म्हणजे एए, एक लाल एक पांढरा म्हणजे एएस, दोन्ही लाल म्हणजे एसएस, सिकलसेलग्रस्त. वहीत नोंद करायची, मणी ज्याच्या त्याच्या वाटीत परत टाकायचा, वाटी हलवायची, मग पुढचं बाळ. प्रत्येकीने चार बाळांचं एक कुटुंब करायचं.

त्या दिवशी मणी कमी पडले, म्हणून खिडकीजवळच्या टेबलाला वाटीमागे दोन लाल, दोन पांढरे एवढेच मिळाले. मणी परत टाकत राहिलं तर त्याने काही बिघडत नाही. तिथल्या एकीने तीन बाळं काढली: एसएस, एए, एसएस. चौथं न काढताच तिने वहीत एए लिहून टाकलं. का, विचारलं तर म्हणाली, "मॅडम, लाल संपले. आता चांगलंच होणार."

मी सगळा वर्ग त्या टेबलाभोवती बोलावला. गावातला तो गैरसमज तिथे मण्यांसकट मांडलेला होता! तिने मणी परतच टाकले नव्हते, आणि तशा वाटीत तिचं म्हणणं अगदी खरं होतं. शरीरात मात्र लाल मणी संपत नाहीत. वाहकाच्या अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीत एकावर बदललेलं जनुक असतं, दुसऱ्यावर चांगलं. बाळाकडे त्यातलं एकच जातं, आणि आधीच्या बाळाला कोणतं गेलं याचा हिशेब कुठेही ठेवलेला नसतो. तिला सगळे मणी परत टाकायला लावले आणि चौथं बाळ काढायला सांगितलं. एएस निघालं.

मग फळ्यावर 32 कुटुंबांची बेरीज केली. 11 घरांत एकही एसएस नाही, 13 घरांत एक, 7 घरांत दोन आणि एका घरात तीन. एकूण 128 बाळांत 30, म्हणजे पाव हिश्श्याच्या जवळ. पण "चारात एक" बरोबर बसलं ते निम्म्याहून कमी घरांत. गावात सांगायचं वाक्य मुलींनीच बांधलं: "ताई, दर खेपेला चारात एक धोका, आधीची मुलं कशीही असोत." आणि सुनेला बोल लावणाऱ्या सासूला वाट्याच दाखवायच्या. एसएस व्हायला दोन्हीकडून लाल लागतो.

दुपारी सोल्युबिलिटी चाचणी झाली, रक्तात सिकल आहे का हे पाहायची पहिली चाचणी. द्रावण 2 मिली, रक्त 20 मायक्रोलिटर, पाच मिनिटं थांबायचं, ट्यूबमागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. द्रावण फ्रिजमधून काढून थेट वापरलं, जुनं झालं किंवा बाईचं हिमोग्लोबिन 7 च्या खाली असलं, तर सिकल असूनही रेघा दिसू शकतात. शिवाय एएस की एसएस हे ही ट्यूब सांगत नाही, त्यासाठी एचपीएलसीच, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी. बाई एएस निघाली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करणं चूक. वाहक गरोदर बाईलाही त्या इतरांसारख्याच लागतात.

नवऱ्याची ट्यूब स्वच्छ आली, एवढ्यावर सुटका नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असला तर ही चाचणी ते दाखवत नाही, आणि ते जनुक सिकलच्या जनुकासोबत आलं तरी बाळ आजारी होतं. म्हणून त्याचीही एचपीएलसी हवी. दोघं वाहक ठरले तर गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात. बाई नोंदणीलाच बाराव्या आठवड्यात आली, मग अहवालाची वाट पाहण्यात आणखी दिवस गेले, की ती वेळ टळते. पाळी चुकल्याचं कळताच बाईला आणायचं, आणि त्याच फेरीत नवऱ्याचंही रक्त घ्यायचं. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातेत गेला, की हाताला लागत नाही.