(ताईला विचारणे)

रात्रीचे पावणेदोन वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहितेय, नाहीतर गेले दोन महिने या वहीकडे फिरकले पण नव्हते.

भानगड एका कंसाची आहे.

आज आमच्या लॅबच्या शेंडेफळाची (सगळ्यात ज्युनियर, मला ताई म्हणतो) लॅबबुक मागून घेतली, सोन्याची फिल्म किती तास बुडवून ठेवली होती तेवढंच बघायचं होतं, आणि पानं उलटताना दिसलं: 'ब्लँक. पॉवर ताईचीच. १३५०, १५८०, दोन्ही पसरट.' पुढे कंसात 'ताईला विचारणे'. आणि त्या कंसावर रेघ. घाईत खोडलेली नाही, पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. तारीख बावीस दिवसांपूर्वीची.

आमचं काम रामनचं: रेणूवर लेझर टाकायचा आणि रंग बदलून परत येणारा प्रकाश मोजायचा. रंग किती बदलला त्याचे हे आकडे, आणि आलेखात त्या आकड्यावर येणारा उंचवटा म्हणजे पीक. म्हणजे मी महिनाभर ज्या १५८७ च्या पीकवर जगतेय तो माझ्या रेणूचा नव्हताच. ती काजळी होती. अलंकारिक वगैरे नाही, खरोखरची काजळी, जळका कार्बन. कार्बन १३५० आणि १५८० च्या आसपास दोन जाडजूड उंचवटे देतो हे मी स्वतः दोन बॅचेसना शिकवलंय. ब्लँक म्हणजे रेणू न घातलेला सॅम्पल, त्यात माझा एमबीए नव्हता (मर्कॅप्टोबेन्झोइक अ‍ॅसिड हो, तोच माझा रेणू, आईने शेजारी काय सांगितलंय ते जाऊ दे), पण सोन्याच्या कणांवर सायट्रेटचा (तेही कार्बनवालंच) थर असतोच, तोच जळाला. माझ्या सॅम्पलमध्ये सायट्रेट आणि एमबीए दोघं मिळून जळले असणार. १०७८ चा पीक दिसत नव्हता, जो एमबीएचं आधार कार्डच समजा, तर त्यावर माझं उत्तर तयार होतं की रेणू आडवे झोपले असतील. झोपले कसले, त्यांची राख झाली होती.

आणि लेझरची पॉवर किती, तर पाच मिलिवॉट. ऐकायला काहीच नाही, पण तो लाल लेझर साधारण एका मायक्रोनच्या ठिपक्यात गोळा केला की दुपारच्या उन्हाच्या पन्नास लाख पट होतो. त्यात आमचं सगळं दुकानच फटीवर चालतं. खाली सोन्याची फिल्म, वर सोन्याचा गोळा, मध्ये जेमतेम एक नॅनोमीटर, त्यात रेणू. सोन्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलायला लागतात आणि ६३३ नॅनोमीटरची लाट त्या एवढ्याशा फटीत कोंबली जाते. फटीतलं विद्युत फील्ड दहा पट वाढलं की रामन सिग्नल दहा हजार पट, चौथा घात. याच्याशिवाय पर्याय नाही, कारण एरवी कोटीभर फोटॉन टाकावेत तेव्हा एखादा रंग बदलून परत येणार. १९२८ ला कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी सुरुवात उन्हावर केली होती, डोळ्यांनी बघत. आमच्याकडे फट आहे, लेझर आहे, थंड केलेला डिटेक्टर आहे, आणि आम्ही काजळी बघतो.

पण त्याने रेघ का मारली?

संध्याकाळी कपबश्या विसळताना अगदी सहज विचारलं, म्हणजे सहज वाटावं असं. म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल, ताई." बस. आणि बशी पुसायला लागला.

तुला माहीत असेल. हे वाक्य आल्यापासून डोक्यात फिरतंय. चूक माझी, ते ठीक आहे, चुका होतात, सरांसमोर स्लाइड मागे घेईन, चारचौघांत तोंड काळं होईल, काजळीने व्हायचं ते योग्यच. पण तो मला विचारायला घाबरला का? मी काही ओरडणारी नाहीये. निदान मला तरी तसं वाटत होतं. मग जेवताना आठवलं की दिवाळीच्या आधी तो विचारत आला होता, सॅम्पलवर नक्की किती पॉवर पडते ते मोजायचं का, आणि मी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले होते, आत्ता नको रे. कदाचित दोनदा म्हणाले असेन. आणि ती बावीस दिवसांपूर्वीची तारीख म्हणजे ग्रुप मीटिंगचा आदला दिवस, तेव्हा मी सगळ्यांना प्लॉट दाखवत फिरत होते, त्यालाही दाखवला होता, तो "भारी" म्हणाला होता. भारी म्हणाला आणि मग वहीत रेघ मारली? की रेघ आधी?

माझ्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, लोक मला शेवटी सांगतात. घरचं ते प्रकरणसुद्धा... असो.

फ्लेशमन हा रसायनशास्त्रज्ञ आठवला आणि जरा बरं वाटलं. १९७४ ला साउदॅम्प्टनमध्ये त्यांनी खरबरीत चांदीवर पिरिडीनचा दणदणीत सिग्नल बघितला आणि कारण दिलं की पृष्ठभाग वाढलाय म्हणून रेणू जास्त बसलेत. तीन वर्षांनी व्हॅन डाइन आणि जीनमेअर यांनी, आणि वेगळेपणाने आल्ब्रेक्ट आणि क्रायटन यांनी दाखवलं की रेणूंची संख्या मोजूनही हिशोब लाखो पटींनी चुकतोय. सिग्नल खरा, कारण चुकीचं. माझं तर सिग्नलच खोटा आणि कारण सुंदर. (तोच फ्लेशमन पुढे १९८९ ला कोल्ड फ्यूजन (साध्या तापमानाला अणू जोडल्याचा, न टिकलेला दावा) घेऊन आला, त्यामुळे दिलासा घ्यायचा तो पण बेताने.)

आणि एक ते २००८ चं इलिनॉयचं मोजमाप, जे मी प्रत्येक टॉकमध्ये टाकते. दहा लाखांत ६३ जागा सगळ्यात तापलेल्या, म्हणजे जिथे सिग्नल सगळ्यात जास्त वाढतो अशा, आणि एकूण सिग्नलचा २४ टक्के त्या एवढ्याशा देतात. उलट ६१ टक्के रेणू थंड जागी बसलेले, त्यांचा वाटा फक्त ४ टक्के. आता इथे शेंडेफळाला थंड जागेवरचा रेणू करायचा मोह होतोय, कोणाला ऐकू न येणारा वगैरे, पण ते फारच लाडात आल्यासारखं होईल, आणि खोटं पण. थंड कसला, ब्लँक त्याच पॉवरला चालवायची अक्कल त्यालाच सुचली. मी ब्लँक चालवला होता तो अर्ध्या मिलिवॉटवर, आणि "स्वच्छ आहे" असं लिहून तारखेसकट सही ठोकली होती. सही बघून आत्ता एकटीच हसले, रूममेट कूस बदलून म्हणाली झोप गं.

मघाशी त्याला मेसेज टाकला. आधी तीन ओळींचा लिहिला होता, सॉरी, आणि तू मला कधीही विचारू शकतोस, असला. सगळा पुसला. मग लिहिलं: 'उद्या नऊला ये, पॉवर मीटर घेऊन. तुझा ब्लँक आधी लावू.'

एवढ्या रात्री जागाच होता. लगेच अंगठा आला.

नुसता अंगठा. यातून आता काय समजायचं?