आधी गाऱ्हाणं, मग शांती

नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं किंवा जवळचं माणूस गेलं, की चर्चच्या मंडळीतून बहुतेक वेळा पहिलं वचन येतं ते बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं: कशाचीही चिंता करू नका. सांगणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यावरच्या ओझ्यात आणखी एकाची भर पडते. संकट तर आहेच, वर आता चिंता वाटते म्हणजे आपला विश्वास कमी, हा अपराधीपणाही आला.

असं होतं, कारण वचन मध्येच तोडलं जातं. त्या अध्यायाची सहावी ओवी, म्हणजे सहावं वचन, पुढे सांगते की सगळ्या गोष्टींविषयी प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानत, आपली मागणी देवाला कळवा. म्हणजे आपल्याकडे दिलेलं काम आहे ते कळवण्याचं. शांतीचं नाव येतं त्यानंतर, सातव्या ओवीत, आणि ती तुमची अंतःकरणं आणि विचार ‘राखील’ असं म्हटलंय. मूळ ग्रीक क्रियापद सैनिकांच्या पहाऱ्याचं आहे. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिक वसवलेली वसाहत, त्यामुळे तिथल्या वाचकांना पहारा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसेल. आणि हे पत्र लिहिणारा, येशूचा प्रेषित पौल त्या वेळी स्वतः कैदेत होता. मराठीत ‘राखील’ हा शब्द फार नेमका बसलाय. शेत राखायला माणूस बसला म्हणून रात्र टळत नाही, डुकरं यायचीही थांबत नाहीत. ती आत शिरून उभं पीक लोळवत नाहीत, एवढंच.

मग देवाला कळवायचं कसं? यासाठी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मधोमध अख्खं पुस्तक दिलेलं आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची, विलापाची आहेत. उपासनेत आपण स्तुतीची स्तोत्रं जास्त म्हणतो, २३वं तर लहान मुलांनाही पाठ असतं. पण अडचणीच्या काळात हाताशी हवीत ती ही दुसरी. सुरुवात १३व्या स्तोत्रानं करावी. अवघ्या सहा ओव्या. मोठ्यानं, सावकाश वाचलं तरी मिनिटभर लागतं.

पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार, मनात चिंता घेऊन मी कोठवर राहू, शत्रू माझ्यावर कोठवर वरचढ राहणार. हे देवाच्या तोंडावर म्हटलेलं आहे आणि ते शास्त्रात जसंच्या तसं ठेवलंय. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी येते: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडलं, ते स्तोत्रकर्ता सांगत नाही. शत्रू हरल्याची, आजार बरा झाल्याची काहीही खूण तिथे नाही. परिस्थिती तीच आहे, फक्त गाऱ्हाणं पूर्ण सांगून झालेलं आहे. माझ्या मते टिकणाऱ्या शांतीचं सगळं मर्म या दोन ओव्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे, आणि आपण नेमकी तीच जागा उडी मारून ओलांडतो.

रोज करायचं ते असं. साधी शंभर पानी वही घ्या, मोबाइल नको. त्यात मध्येच मेसेज येतात. वेळ वीस मिनिटं, शक्यतो एकच ठरलेली. आधी दोन-तीन मिनिटं गप्प बसा. मग स्तोत्र दोनदा मोठ्यानं वाचा. मग तारीख टाकून ‘प्रभू’ एवढीच हाक लिहा आणि तिच्याखाली गाऱ्हाणं लिहायला घ्या. इथे नेमकेपणा फार महत्त्वाचा. ‘आर्थिक अडचण आहे’ असं लिहिलं तर मन हलकं होत नाही, कारण खरी भीती त्या दोन शब्दांच्या आड दडून बसते. ‘पाच तारखेला घराचा हप्ता आहे, खात्यात निम्मेच पैसे आहेत आणि हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही’ असं लिहा. लिहिता लिहिता बऱ्याचदा कळतं, की पैशापेक्षा त्या शेवटच्या न सांगितलेल्या गोष्टीनं झोप उडवलीय. गाऱ्हाण्याला सात-आठ मिनिटं द्या. त्यानंतर मागणी: एक किंवा दोन, त्याच दिवसापुरत्या. शेवटी तीन आभार.

आभारांबद्दल गोंधळ होतो म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. दुःखाबद्दल आभार मानायला इथे कुणी सांगितलेलं नाही. कॅन्सरबद्दल धन्यवाद म्हणायचं नसतं. दुःख असतानाही जे शिल्लक आहे त्याचे आभार मानायचे, आणि तेही लहानात लहान गोष्टींचे: शेजारच्या काकूंनी पाठवलेली भाजी, रात्री तीन तास लागलेली सलग झोप, डॉक्टरांनी नीट बसून समजावलेला रिपोर्ट. ‘आरोग्य दिलंस, कुटुंब दिलंस’ अशी पाठ झालेली वाक्यं लिहिली की आठवड्यात कंटाळा येतो आणि वही बंद पडते.

स्तोत्र रोज बदलू नका, एक आठवडाभर चालू द्या. १३ नंतर ४२ आणि ४३ जोडीनं घ्या. दोन्ही मिळून एकच कडवं तीनदा येतं, ज्यात माणूस स्वतःच्या जिवाला विचारतो की तू इतका खिन्न का झालास. मग ७७, मग १३०. या १३०व्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत आणि ती ओळ लागोपाठ दोनदा म्हटलेली आहे, वाट पाहणं किती लांबतं ते त्या दोनदा म्हणण्यातूनच कळतं. त्यानंतर २२वं. त्याची पहिली ओळ प्रभू येशूनं वधस्तंभावर म्हटली. देवाच्या पुत्राला गाऱ्हाण्याचं स्तोत्र आठवलं, त्यानं ते मोठ्यानं म्हटलं. मग आपण ते दाबून ठेवण्याचं कारण उरत नाही.

आणि ८८वं. ते शेवटपर्यंत वळतच नाही, अंधाराच्या उल्लेखावर संपतं. काही जण हे स्तोत्र टाळतात. माझं मत उलटं आहे. १३व्या स्तोत्राच्या चौथ्या ओवीपाशी अडकायला होईल, भरवशाचे शब्द तोंडातून निघणार नाहीत, असे दिवस येतात. त्या दिवशी खोटा भरवसा लिहू नका. ८८वं वाचा, आमेन म्हणा, वही मिटा. हाक मारली, तेवढ्यानं त्या दिवशीची प्रार्थना झाली.

हे सगळं बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सगळ्यात जास्त बिघडतं रात्री दोन-अडीचला. डोळे मिटून प्रार्थना चालू आहे असं वाटत असतं, पण ती प्रार्थना कधी घोर होऊन बसते ते कळत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे मनातल्या वाक्यात ‘तू’ आहे का ते पाहणं. ‘तू पाहतोस ना, उद्या ऑपरेशन आहे’ ही प्रार्थना. ‘उद्या काही झालं तर माझं काय होईल, पोरांचं काय होईल’ हा स्वतःशीच चाललेला हिशोब. त्या वेळी नवीन प्रार्थना रचत बसू नका. दिवा लावा, भीती एका ओळीत वहीत लिहा, खाली ‘सकाळी’ असं लिहा आणि चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी श्वासाच्या लयीत म्हणत पडून राहा. ती झोपेचीच ओवी आहे, निर्भय ठेवणारा तूच म्हणून मी स्वस्थ पडतो या अर्थाची. तीसदा म्हणावी लागली तरी हरकत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनंही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय सांगतो.

दुसरा बिघाड आपल्या मातीतला आहे. प्रार्थनेचा नवस होतो. हे झालं तर मी अमुक दान देईन, चाळीस दिवस उपास करीन. उपास आणि दान चांगलंच आहे, पण ते सौदा म्हणून आलं की उत्तर लांबलं रे लांबलं की मन म्हणतं, मी काहीतरी कमी दिलं. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवलं. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर मिळालं, आणि त्याबद्दल कुणी पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणत नाही.

तिसरा बिघाड शरीराकडे दुर्लक्ष केल्यानं होतो. बायबलमधलं ‘पहिलं राजे’ हे पुस्तक, १९वा अध्याय काढून पाहा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. तिथे त्याला उपदेश होत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवलेला असतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी यानंतर चाळीस दिवसांनी येते. आधी जेवण आणि झोप, दोन-दोन वेळा. तेव्हा दुःखातल्या माणसानं दुपारचं जेवण चुकवून प्रार्थनेला बसण्यात भक्ती नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडालेली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नका: घरच्यांना सांगा, डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली मानस फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्याला हाच अध्याय वाचायला द्या.

महाराष्ट्रात हे कुणाच्या आयुष्यात पाहायचं तर पंडिता रमाबाईंच्या. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका सांभाळल्या आणि उतारवयात संपूर्ण पवित्र शास्त्र सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचं काम अंगावर घेतलं. ते चालू असतानाच, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. त्यांच्या मनात त्या शेवटच्या महिन्यांत काय चाललं असेल, त्यावर आपण काही लादू नये. पण विलापाच्या स्तोत्रांतलं ‘कोठवर’ ज्या बाईला मराठीत लिहायचं होतं, तिला त्या शब्दाचं वजन कुणी सांगायला नको होतं.

आता भेटायला जाणाऱ्यांसाठी, कारण अर्धी शांती तेच घालवतात. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तोवर सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देवानं त्यांनाच दोष दिला. ‘देवाची इच्छा’, ‘यातून काहीतरी चांगलंच होणार’, ‘अमक्याच्या घरी तर याहून वाईट झालं’ ही तीन वाक्यं घरीच ठेवून जा. ‘काही लागलं तर सांगा’ हेही उपयोगाचं नाही, दुःखातला माणूस सांगत नसतो. ‘मंगळवारी केमोला मी सोबत येतो’, ‘पोरांचे डबे या आठवड्यात माझ्याकडून’ असं वार आणि काम धरून बोला. दुःखातल्या माणसानंही हेच धोरण ठेवावं. प्रभूनं गेथशेमाने बागेत तीन शिष्यांना सोबत घेतलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय असं सरळ सांगितलं. ते तिघे झोपले, हे खरं. तरी त्यानं सांगितलं होतं.

सहा आठवडे झाले की वही पहिल्या पानापासून वाचा. जिथे उत्तर मिळालं तिथे समासात तारीख टाका. जिथे नाही तिथे जागा मोकळी राहू द्या, ओढूनताणून अर्थ लावू नका. शांती आली का, हे रडू थांबलं का यावरून तपासू नका. माणूस गेलेल्या घरात वर्षभरानंही रडू येतं. तीच चिंता परत आली, पण या वेळी तासाभरात तिनं मन सोडलं. फोन वाजला तरी हात थरथरला नाही. भांडण न करता बिलं काढून बसता आलं. राखण चालू आहे, ती अशा बारीक जागी दिसते.

आणि ज्याला वही धरायचंही त्राण नाही, त्याच्यासाठी हे दुसऱ्यानं करावं. खाटेच्या कडेला बसा. पाणी हवं का विचारा. १३वं स्तोत्र सावकाश वाचा, चौथ्या ओवीनंतर थांबा. आजारी माणसाचा हात तुमच्या हातात असेल तर राहू द्या. तो काही बोलला तर ऐका, नाही बोलला तर मिनिटभरानं उरलेल्या दोन ओव्या वाचा. समजावून सांगू नका. उद्या किती वाजता येणार ते सांगा, आणि त्या वेळेला या.