तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती का दाबतेस?

"ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्तीचाच आजार ना? मग ती वाढवायची सोडून दाबायच्या गोळ्या कशाला घेतेस?" हे काळजीपोटी विचारलं जातं, मला कळतं. तरी प्रत्येक वेळी चीड येतेच.

माझी प्रतिकारशक्ती मुळात कमी नाही. ती माझ्याच पेशींवर उठली आहे, आणि त्यात कुठलीही एक पेशी एकटी दोषी नाही. मेलेल्या पेशींचा कचरा शरीर एरवी लगेच उचलतं. ल्युपसमध्ये तो रेंगाळतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर मरताना स्वतःचा डीएनए बाहेर फेकतात. तो प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींच्या आत पोचला की त्या त्याला विषाणू समजून इंटरफेरॉन, म्हणजे धोक्याचा संदेश देणारं प्रथिन, सोडतात. त्याने प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशी चेवतात. टी पेशी बी पेशींना चिथावतात, बी पेशींपासून अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तयार होतात, आणि त्या अँटिबॉडी आणखी डीएनए धरून पुन्हा त्याच डेंड्रिटिक पेशींपर्यंत नेतात. यातलं नेमकं काय वाढवू?

ल्युपस मूत्रपिंडापर्यंत पोचलाय का हे बघायला सुईने तिथला तुकडा काढला, त्या बायोप्सीच्या दिवशी हा प्रश्न सगळ्यात जास्त लागला. लघवीला फेस यायचा, सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या. मला पालथं झोपवलं, पोटाखाली गुंडाळी दिली, पाठ बधिर केली. "श्वास रोखा," आणि स्टेपलर दाबल्यासारखा खट्ट आवाज. पुन्हा एकदा. मग तासन्‌तास उताणं पडून राहायचं, लघवीत रक्त दिसतंय का एवढंच बघायचं. तेवढ्यात नात्यातल्या एक बाई आल्या. प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी त्यांनी डबीत भरून आणलं होतं. "तू मनावर घेतलंस ना, तर बरी होशील," म्हणाल्या. म्हणजे आजवर मी मनावर घेतलंच नव्हतं? उठून बसायची परवानगी नव्हती, नाहीतर बोलले असते. त्यांचा हात कपाळावर होता, आणि खरं सांगते, तो हवासाही वाटत होता.

रिपोर्ट आला, क्लास ४, म्हणजे ल्युपसने मूत्रपिंडाला केलेल्या इजेचा एक गंभीर प्रकार. डॉक्टरांनी फोटो दाखवले. काळ्यावर हिरवे चमकणारे पुंजके. आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि सी३, सी१क्यू ही प्रतिकारशक्तीचीच प्रथिनं, असे पाचही घटक मूत्रपिंडाच्या गाळण्यांमध्ये साचलेले. पॅथॉलॉजिस्ट याला 'फुल हाउस' म्हणतात. ही माझी 'कमी' प्रतिकारशक्ती.

त्या काळात मी ठामपणे म्हणायचे, बी पेशी काढून टाका, विषय संपला. पण बी पेशी मारणारं रितुक्सिमॅब ल्युपसच्या मोठ्या चाचण्यांमध्ये ठरलेलं उद्दिष्ट गाठू शकलं नाही. अस्थिमज्जेत ठाण मांडलेल्या जुन्या प्लाझ्मा पेशींना ते शिवतही नाही. २०२१ मध्ये इंटरफेरॉनचा मार्ग अडवणाऱ्या अनिफ्रोलुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा वाटलं, मूळ इथेच आहे. त्याचाही गुण सगळ्यांना येत नाही. मग २०२२ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनहून बातमी आली. ५ रुग्णांच्या स्वतःच्याच टी पेशी बदलून त्यांच्याकडून बी पेशी संपवल्या, आणि पाचही जणांची औषधं थांबली. म्हणजे माझं जुनं म्हणणंच बरोबर होतं? तेवढ्या रुग्णांवरून मी हो म्हणणार नाही. नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही.

प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट चालू आहे. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, ही तुमची भीती खोटी नाही. मलाही ती वाटते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही चालू आहे, ते डेंड्रिटिक पेशींच्या आतली डीएनए ओळखणारी यंत्रणाच थंड करतं. आजार भडकला की रक्तातलं सी३ घटतं; पुढच्या तपासणीत ते आणखी घसरलं तर डोस वाढेल, आणि मी तो घेईन.