अमळनेरचा मे आणि ओट्यावरची ती वाटी

मुलगी सात महिन्यांची झाली आणि माझी सुट्टी संपली. मग काय, दर रविवारी दुधी-मूगडाळ, गाजर, लाल भोपळा सगळं शिजवायचं, मिक्सरला फिरवायचं, आईस ट्रेत ओतायचं, गोठलं की क्यूब डब्यात भरून वर तारखेची चिठ्ठी, इथपर्यंत मी एकदम हुशार. वितळवायचं कसं याचा मात्र विचारच केला नव्हता.

एक दिवस सकाळी आठला दुधी-डाळीचे दोन क्यूब वाटीत काढून ओट्यावर ठेवले. सासूबाई म्हणे, ऱ्हाऊ दे, काय व्हस त्याले. अकराला बघते तर कडेने बारीक बारीक फेस, जिभेला लावलं तर आंबूस! नशीब भरवायच्या आधी चाखलं.

संध्याकाळी बाळाच्या डॉक्टरांना विचारलं तर आधी रागावलेच. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात म्हणे, आणि क्यूब मध्ये बर्फच असतो तोवर बाहेरून कोमट झालेला असतो, तिथे ते वाढायला लागतात. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरही खूप झाला. आता इथे पारा ४३-४४ ला, म्हणजे ओटा बादच.

तेव्हापासून रात्री झोपताना उद्याचेच क्यूब मोजून झाकणाच्या डबीत घालून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवते. २४ तासांत संपवायचे, उरले तर परत फ्रीझरला नाही. सकाळी पातेलीत चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचं, ढवळायचं, गार करून मनगटावर थेंब टाकून बघायचा. भरवायला वेगळ्या वाटीत थोडंच काढते, कारण बाळाचा उष्टा चमचा लागला की उरलेलं फेकावंच लागतं (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही).

रात्री विसरलं तर? क्यूब पिशवीत घालून, ती घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पण आमच्या नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीचं, मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा कढत, त्याला गार कोण म्हणेल, म्हणून मी माठातलं घेते. खरं सांगू, एवढ्या खटाटोपापेक्षा गोठलेला क्यूब तसाच पातेलीत, चमचाभर पाणी आणि मंद गॅस, हेच सोपं पडतं. मायक्रोवेव्ह नाही आमच्याकडे. बहीण वापरते, पण त्यात एका जागी चटका आणि बाजूलाच गार असं होतं, म्हणून नीट ढवळल्याशिवाय ती देत नाही.

मागच्या आठवड्यात रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. मी फ्रीझर उघडलाच नाही, लाईट आल्यावरच डबे बघितले. दुधीचे क्यूब पार मऊ पडलेले, ते सरळ टाकले. भोपळ्याच्या क्यूबमध्ये अजून कडक बर्फ होता तरी बाळाला द्यायची हिंमत झाली नाही. सासूबाईंनी लगेच त्यात गूळ-कणीक मळली आणि मोठ्यांसाठी घारगे तळले. मी चार खाल्ले.