बॉन जोव्हीचं काय जातंय!

ऑफिसच्या पिकनिकला यंदा कोणीतरी कराओकेचं मशीन आणलं होतं. आमचा मॅनेजर अस्सल न्यू जर्सीचा आणि टीममधली एक मुलगी टेनेसीची. दोघांनी मिळून बॉन जोव्ही या बँडचं ‘हू सेज यू कान्ट गो होम’ म्हणायला घेतलं आणि शेवटाकडे येईपर्यंत सगळं लॉन त्यांच्यामागे ओरडत होतं. घरी जाता येत नाही असं कोण म्हणतं? हातात भाजलेलं कणीस धरून मी मनात म्हटलं, कोण म्हणतं काय? मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत काचेच्या पलीकडे बसलेला माणूस म्हणतो!

माझी नोकरी चालू आहे, मुदतवाढीचा कागद आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. म्हणजे इथे राहायला ना नाही, भारतात जायलाही कोणी अडवत नाही. परत यायचं तर आधी स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, आणि स्टॅम्पिंगसाठी आधी मुलाखतीचा स्लॉट. तो मिळून खिडकीपर्यंत पोचलं आणि हातात २२१(जी)ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याची, चिठ्ठी पडली, की बसा माहेरी, कधी सुटका होईल ते विचारायचं नाही. इथे भाडं चालू, मुलाची शाळा चालू, आणि बॉस दर सोमवारी अगदी गोड शब्दांत विचारणार, काही कळलं का? हे सगळं कणीस खाता खाता कोणाला समजावून सांगणार? मीही टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मात्र राग काढायला त्या गाण्याची कुंडली मांडली. बँडचा गायक जॉन बॉन जोव्ही जन्मला पर्थ अँबॉयला आणि वाढला सेअरव्हिलमध्ये. आमच्या एडिसनहून रॅरिटन नदी ओलांडली की फार तर अर्धा तास. त्याचा तेव्हाचा गिटारवाला रिची सॅम्बोरा वुडब्रिजचा. ओक ट्री रोडचा इसेलिनमधला भाग, जिथे आपण भाकरीचं पीठ आणि गणपतीची आरास घ्यायला जातो, तो याच वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतो. म्हणजे ही सगळी माझ्या वाणसामानाच्या टापूतली मंडळी! गाण्यातला माणूस वीस वर्षं गावातून बाहेर पडायला धडपडतो आणि शेवटी परततो. खुद्द जॉनचं घर अजून न्यू जर्सीतच आहे. त्याला घरी जायला लागतं काय, तर टोलचे पैसे.

वर त्याच्या नावाचा थांबाही आहे. गार्डन स्टेट पार्कवेवर सेअरव्हिलजवळ चीजक्वेक नावाची सर्व्हिस एरिया होती, तिला आता त्याचं नाव दिलंय. २०२१मध्ये तशी घोषणा झाली. याच रस्त्यावर व्हिटनी ह्यूस्टन आहे, फ्रँक सिनात्रा आहे, लेखिका टोनी मॉरिसनसुद्धा आहे. पेट्रोल, कॉफी, बर्गर, स्वच्छतागृह. मला आधी हसूच आलं. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नावाने रंगमंदिर असतं, दीनानाथांच्या नावाने नाट्यगृह असतं, गायकाचं नाव बर्गरच्या दुकानावर लावायचं आपल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. हे मी नवऱ्याला ठसक्यात ऐकवलं. तो म्हणाला, आपल्या नाट्यगृहांमधल्या स्वच्छतागृहांविषयीही बोल की जरा. विषय तिथेच संपला.

आता गाण्याचं. ते २००५च्या ‘हॅव अ नाइस डे’ या अल्बममधलं. बॉन जोव्ही पक्का रॉक बँड, पण हे गाणं दोन रूपांत निघालं. एकात जॉन एकटा गातो, दुसऱ्यात कंट्री, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या गाण्यांच्या, वळणाचा साज आणि सोबतीला पाहुणी म्हणून शुगरलँड या कंट्री बँडची जेनिफर नेटल्स. आधी कंट्री गायक कीथ अर्बनबरोबर करून पाहिलं होतं, पण दोन्ही आवाज एकाच जातीचे निघाले. नेटल्स आली आणि मे २००६मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. रॉक बँडने ती यादी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं.

दोन्ही रूपं पाठोपाठ ऐकली तेव्हा माझा राग निम्मा उतरला. एकटा जॉन गातो तेव्हा ते गावाने ठेवलेल्या सत्काराला दिलेलं उत्तर वाटतं. नेटल्स मूळची जॉर्जियातल्या डग्लसची. तिच्या बोलण्यातला दक्षिणेकडचा हेल गाण्यात जसाच्या तसा उतरतो, सूर कुठे दाबत नाही, आणि ओळीच्या शेवटी शब्द असा ओढते की जर्सीचा काही संबंधच उरत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे, की दोघं एकमेकांच्या प्रेमात नाहीत! आपल्याकडे बाई आणि बुवा माईकसमोर आले की एकाने लाजायचं नि दुसऱ्याने मनधरणी करायची. इथे दोघं आपापल्या गावाकडे निघालेत आणि वाटेत एकाच सुरात बोलतायत, एवढंच. ते मला फार पटलं. माझ्या गाण्यातही नवऱ्यापेक्षा कोल्हापूरच जास्त वेळा येतं.

आणि मी काही रडत बसलेली नाही हं. पुण्यात नोकरी केली असती तरी आईकडे सणासुदीलाच गेले असते. धाकटा भाऊ पुण्यात आहे, विचारा त्याला कोल्हापूरला शेवटचा कधी गेला होता. निदान मी रोज व्हिडिओ कॉल तरी करते.

परवा त्याच कॉलवर आईला नेटल्सवालं गाणं ऐकवलं. शब्द तिला कळले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत. भेंडी चिरता चिरता तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“बाई झकास गाते,” ती म्हणाली. “तो मधेमधे कशाला येतो?”