आजीच्या हातावरचे देवीचे वण

परवा पुतण्याला कांजिण्या आल्या आणि नौपाड्यातल्या आमच्या टू बीएचकेत कडुनिंबाचा पाला हजर, आजीने कुठून मिळवला देवच जाणे. वर दमदाटी, "बाई आल्यात, घरात फोडणी द्यायची नाही." मी शहाणपणा केला, म्हटलं आजी ह्या देवी नव्हेत, कांजिण्यांचा व्हायरस हर्पिसच्या खानदानातला, देवीचा वेगळाच. तिने हात पुढे केला, त्यावर दोन गोल वण. "आम्हाला स्क्रूसारखं फिरवून टोचायचे, शाळा डोक्यावर घ्यायचो." माझ्या हातावर फक्त बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, मी ८८ चा ना, तोपर्यंत देवी संपल्या होत्या. भारतातली शेवटची केस १९७५ ची, जगातली नैसर्गिक शेवटची सोमालियात १९७७ ला, आणि १९८० ला डब्ल्यूएचओने जाहीरच केलं.

देवी संपवता आल्या कारण त्या लपून राहत नव्हत्या. ताप आणि पुरळ यायच्या आधी माणूस सहसा दुसऱ्याला लागण देत नव्हता, प्राण्यांत हा व्हायरस राहतच नव्हता, आणि संपर्कात आल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली तरी बहुतेकदा निभावायचं. म्हणून सगळ्या गावाला टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधा नि त्याच्या आजूबाजूच्यांना टोचा, हे चाललं. शेवटी शेवटी तर आपल्याकडे रोगी दाखवणाऱ्याला १००० रुपये बक्षीस होतं! कोविडमध्ये हे कुठून जमणार, ठाणे लोकलमध्ये शेजारचा ठणठणीत दिसणारा काय घेऊन उभा आहे कळायचंच नाही. एमपॉक्स (आधीचं मंकीपॉक्स) देवीच्याच कुळातला, पण तो आफ्रिकेतल्या जंगली प्राण्यांतून परत परत येतो, त्यामुळे तो असा मुळासकट जाणं कठीण.

"मग आता देवी कुठेच नाही?" आहे की, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला, लॅबच्या फ्रीजरमध्ये. लस, औषधं तपासायला लागते म्हणून ठेवलीय. नष्ट करा म्हणणारे खूप आहेत, मलाही आधी तेच वाटायचं, पण कॅनडात काही जणांनी डीएनएचे तुकडे ऑर्डरने मागवून घोड्यांच्या देवीचा व्हायरस नव्याने बनवला, २०१८ ला पेपर आला, म्हणजे माणसांच्या देवीचाही असा बनवता येईल की, तेव्हापासून मला फ्रीजरपेक्षा त्या ऑर्डरी कोण तपासतं याची जास्त काळजी वाटते.

"कुलूप तरी नीट लावतात का?" आजी. मग मी २०१४ चं सांगितलं, अमेरिकेत बेथेस्डाच्या एका लॅबच्या कोल्ड रूममध्ये १९५० च्या दशकातल्या देवीच्या सहा कुप्या खोक्यात सापडल्या, कोणाला पत्ताच नव्हता, आणि दोन कुप्यांतला व्हायरस अजून जिवंत.

आजी पाला ठीक करत म्हणाली, "आपल्या माळ्यावर तरी काय काय आहे, कोणाला माहितीय."